निरीक्षणगृहाचा धनी कोण?

गुन्ह्याच्या बातमीचे एक शेवटचे वाक्य ठरलेले असते: ‘अल्पवयीन आरोपीची रवानगी डोंगरीच्या बालसुधारगृहात करण्यात आली.’ मोबाइल मुलुंडला हिसकावलेला असो, मारामारी मालवणीत झालेली असो की घरफोडी घाटकोपरच्या असल्फ्यात, वाक्य तेच. बातमी त्यापुढे जात नाही आणि वाचकही जात नाही. तो मुलगा तिथे किती दिवस राहिला, त्याच्या चौकशीचे काय झाले, आजारी पडला तेव्हा कोणी पाहिले, मोठ्या पोरांनी मारले तेव्हा तो कोणाकडे गेला, सुटून आल्यावर शाळेने त्याला परत घेतले का, यातले काहीच पुढे कळत नाही. मूल सरकारच्या ताब्यात आहे, आणि सरकारच्या ताब्यातल्या मुलाचे काय चालले आहे हे विचारण्याची आपल्याला सवयच उरलेली नाही.

मुंबई शहरात आणि उपनगरांत ही व्यवस्था चिल्ड्रेन्स एड सोसायटी चालवते. १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि तो राबवण्यासाठी १९२७ मध्ये ही संस्था उभी राहिली. बातमीत ‘बालसुधारगृह’ म्हणतात ते डोंगरीतले उमरखाडीचे निरीक्षणगृह, मानखुर्दचे बालगृहांचे आवार, माटुंग्याची डेव्हिड ससून औद्योगिक शाळा हा सगळा तिचा पसारा. ससून शाळा संस्थेहूनही जुनी, १८५७ ची. गुन्ह्यात सापडलेल्या पोराला तुरुंगात न टाकता हाताला काम शिकवावे, हा विचार तेव्हा या शहरात झाला होता. मानखुर्दच्या बालगृहांतली मुले गुन्ह्यातली नसतात. कोणी हरवलेले, कोणी घर सोडून आलेले, कोणी कारखान्यातून सोडवून आणलेले, कोणाला आईबाप नाहीत. त्यांच्याबद्दलचा निर्णय बालकल्याण समिती घेते. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, त्यांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे चालतात. लोकांच्या तोंडी मात्र दोन्हीकडची मुले ‘रिमांड होम’ची, आणि वस्तीतल्या पोरांच्या भाषेत ‘बच्चा जेल’मधून आलेली. ज्याने काही केलेच नाही त्यालाही तो शिक्का चिकटतो.

उमरखाडीची वास्तू मराठी वाचकाला परकी नाही. कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात १८८२ साली टिळक आणि आगरकर ज्या डोंगरीच्या तुरुंगात होते, तो हाच. आगरकरांनी तिथल्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. तुरुंग म्हणून बांधलेल्या जागेत मुलांना ठेवण्याचे ठरले, तेव्हा कदाचित दुसरी जागा नसेल. पण कैद्यांसाठी चढवलेल्या भिंतींच्या आत चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू कैदी नाहीस’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि त्याने ते का मानावे?

या संस्थेबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा निकाल मात्र उमरखाडीचा नाही, उपनगरातल्या मानखुर्दचा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी ऐंशीच्या दशकात कोठडीतल्या स्त्रिया आणि तुरुंगातली मुले यांच्यासाठी न्यायालयांची दारे पुन्हा पुन्हा ठोठावली. मानखुर्दच्या तेव्हाच्या नव्या निरीक्षणगृहातला कारभार पाहून त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात. त्यांच्या तक्रारी अगदी व्यवहारातल्या होत्या. पालकांकडे परत पाठवण्याचा आदेश झालेला असूनही मुले तिथेच पडून आहेत. मुलांना ताब्यात घेताना आणि पुढे पाठवताना कोणी नीट विचार करत नाही. आत आल्यावर त्यांचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा होत नाही. त्यांच्याकडून काम करून घेतले जाते. २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती आणि न्या. रंगनाथ मिश्रा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. निरीक्षणगृहात मुलांना फार काळ ठेवू नये. जितके दिवस ती राहतील तितके दिवस त्यांना मानवेल आणि आत्मविश्वास देईल असेच काम त्यांच्यापुढे असावे. आणि या कामासाठी मनापासून झटणारी माणसे शोधावीत, असे त्यात सांगितले आहे.

त्या निकालातला एक मुद्दा आजच्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही नोंदणीकृत संस्था असली, तरी घटनेच्या दृष्टीने तिला ‘राज्य’च समजले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. मुख्यमंत्री तिचे पदसिद्ध अध्यक्ष आणि समाजकल्याणमंत्री उपाध्यक्ष, ही तिची रचना न्यायालयापुढे होतीच. म्हणून मुलांच्या मूलभूत हक्कांची जबाबदारी सरकारवर जितकी आहे तितकीच या संस्थेवर आहे, आणि संस्थेकडे बोट दाखवून सरकारला मोकळे होता येत नाही. या निकालाला चाळीस वर्षे होत आली. बालकांसाठीचा कायदा १९८६, २००० आणि २०१५ असा तीनदा नव्याने लिहिला गेला. तरीही निरीक्षणगृहातून मुले पळाली, कोणाला मारहाण झाली, कोणी दगावले की प्रश्न या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. संस्था म्हणते मंजूर पदे भरा. महिला व बालविकास खाते म्हणते चौकशी सुरू आहे. मंडळ म्हणते आमचे काम न्यायनिवाड्याचे. पोलीस म्हणतात आम्ही ताबा दिला, आमचे संपले. मूल मात्र तिथेच असते.

कायदा काय सांगतो ते एकदा पाहावे, कारण तो कागदावर खरोखर चांगला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला पकडले तर बेडी घालायची नाही, कोठडीत ठेवायचे नाही, पोलिसाने गणवेश न घालता साध्या कपड्यात त्याच्याशी बोलायचे. चोवीस तासांच्या आत त्याला मंडळापुढे उभे करायचे. मंडळावर एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली एक तरी स्त्री. गुन्हा किरकोळ किंवा मध्यम गंभीर असेल आणि मोठी माणसे त्यात सामील नसतील, तर गुन्हा नोंदवण्याऐवजी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची. परिवीक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत मुलाच्या घरादाराचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. चौकशी चार महिन्यांत पुरी करायची, फार तर आणखी दोन महिने. किरकोळ प्रकरणात वाढीव मुदतीतही ती संपली नाही, तर प्रकरणच बंद करायचे. वकील परवडत नसेल तर सरकारने द्यायचा. प्रकरण संपल्यावर त्याची नोंद पुढच्या आयुष्यात नोकरीआड येऊ नये, अशीही तरतूद आहे.

आणि जामीन. मुलाला जामीन मिळालाच पाहिजे, हा कायद्याचा नियम. अपवाद तीनच: सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका असेल, किंवा न्यायाचा हेतूच फसणार असेल. हे अपवाद मुलाच्या भल्यासाठी घातले आहेत यात शंका नाही. पण प्रत्यक्षात त्यांचे काय होते ते तपासणी अहवालाच्या नमुन्यात डोकावल्यावर कळते. बाप काय करतो, किती कमावतो. घरात दारू आहे का. आई कामाला जाते का. घर कसे आहे, आजूबाजूची वस्ती कशी आहे. मित्र कोण. शाळा केव्हा सोडली, का सोडली. शिवाजीनगर-बैंगनवाडीतल्या एका खोलीत सहा माणसे राहतात, बाप नाही, आई पहाटे धुणीभांड्याला निघते, शाळा आठवीत सुटली. प्रत्येक रकाना खरा भरला, तरी सगळे मिळून मुलाच्या विरोधात जाते. गरिबी म्हणजे धोका आणि वस्ती म्हणजे वाईट संगत, असा अर्थ त्यातून सहज निघतो. मुलाने काय केले यापेक्षा तो कुठे राहतो यावर त्याचे पुढचे महिने ठरतात. मोठ्या सोसायटीतल्या मुलाच्या अहवालात हेच रकाने त्याच्या बाजूने बोलतात: दोन्ही पालक शिकलेले, घर स्वतःचे, शाळा चालू, समुपदेशकाकडे नेण्याची तयारी.

पुण्यातल्या कल्याणीनगर प्रकरणात लोकांच्या संतापाने टोक गाठले होते. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाने महागड्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांना चिरडले, आणि त्याच दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला जामीन मिळाला. गदारोळ झाल्यावर त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले. पुढे २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. माझ्या मते उच्च न्यायालयाचा निर्णय बरोबर होता. जामीन दिल्यावर लोकक्षोभामुळे मुलाला आत टाकायचे, हे कायद्यात बसत नाही. दोन तरुणांचे जीव गेले, त्यांच्या आईबापांचे दुःख कशानेही भरून येणारे नाही, आणि त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा जो आरोप झाला त्याची चौकशी कठोरच व्हायला हवी. पण जामिनाचा जो नियम त्या मुलाला काही तासांत लागू झाला, तोच मानखुर्दच्या महाराष्ट्रनगरमधल्या मुलालाही तितक्याच तत्परतेने लागू झाला पाहिजे. राग यायचा असेल तर तो इथे यावा.

जामीन मंजूर झाला तरी सगळे संपत नाही. हमी द्यायला माणूस हवा, कागद हवेत. अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे नेऊन अटी बदलाव्यात, असे कायदा सांगतो. ते कोणी तरी लक्षात ठेवून करावे लागते. वकील कोणी दिला आहे हे आईला ठाऊक नसते, तारीख कोणती हे ऐनवेळी कळते. भेटीला जायचे तर मालवणीहून बसने मालाड, तिथून गोरेगाव, गोरेगावहून हार्बरने सँडहर्स्ट रोड, मग डोंगरीपर्यंत चालत. बोरिवलीहून निघणारीला दादरला गाडी बदलावी लागते. मुलुंडहून निघणारीचा दीड तास तरी जाण्यातच मोडतो. चार घरची कामे करणाऱ्या बाईचा अख्खा दिवस बुडतो, आणि दोन-तीनदा असे झाले की एखादे घरकाम सुटते. भेटी कमी होतात. मग अहवालात ‘पालकांचे सहकार्य नाही’ अशी ओळ येते. ती लिहिणाऱ्याला रेल्वेचे हे गणित माहीत असायला हवे.

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. लोकसंख्येने तो शहर जिल्ह्याच्या तिप्पट आहे. जिल्हाधिकारी वांद्र्याला बसतात. २०२१ च्या दुरुस्तीने बाल संरक्षणाच्या कामावर देखरेख करण्याचे आणि मुलाच्या हितासाठी गरज पडेल तेव्हा मंडळाकडून माहिती मागवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. म्हणजे बोरिवलीच्या मुलावर देखरेख वांद्र्याहून, आणि ते मूल मात्र जिल्ह्याच्या हद्दीबाहेर डोंगरीत. हे दोन जिल्हाधिकाऱ्यांनी आपसांत बोलून सुटणारे काम आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. उपनगरातल्या मुलासाठी उपनगरात, रेल्वे स्थानकाजवळ, घरासारखी बांधणी असलेली पंधरा-वीस मुलांची छोटी निरीक्षणगृहे का असू नयेत? शेकडो मुलांची आवारे सांभाळायची म्हणजे माणसे कमी आणि कुलपे जास्त. मुलांतच दादागिरी सुरू होते, आणि रात्री वॉर्डात काय चालते हे एकट्या काळजीवाहकाला कळणेही शक्य नसते. त्या काळजीवाहकाबद्दलही बोलले पाहिजे. तुटपुंज्या पगारावर, कंत्राटावर, प्रशिक्षणाशिवाय रात्रपाळी करणाऱ्या माणसाकडून मनापासून झटण्याची अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने केली. पण त्याला तसे झटता यावे म्हणून सरकारने काय केले? मानखुर्दजवळच देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तिच्या ‘प्रयास’ प्रकल्पाने १९९० पासून कोठडीतल्या माणसांसोबत काम केले आहे, बाल न्यायव्यवस्थेतही तिचे लोक राबले आहेत. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली माणसे या शहरात कमी नाहीत. त्यांना कायम नोकरी देऊन नेमण्याची इच्छा कमी आहे.

अमेरिकेतल्या टेक्सासची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. तिथे मुलांच्या सुधारगृहांचा कारभार टेक्सास यूथ कमिशन या सरकारी यंत्रणेकडे होता. राज्याच्या पश्चिमेकडच्या एका सुधारगृहात अधिकारीच मुलांवर लैंगिक अत्याचार करत होते. २००५ मध्ये तपास झाला, आरोपांत तथ्य आढळले, तरी खटला पुढे सरकला नाही. २००७ मध्ये पत्रकारांनी ते बाहेर काढले तेव्हा राज्य हादरले. नियामक मंडळ गेले, वरिष्ठ गेले, आणि मुलांच्या तक्रारी ऐकायला यंत्रणेच्या बाहेरचा स्वतंत्र लोकपाल नेमला गेला. २०११ मध्ये कमिशनच बरखास्त करून नवे खाते केले. त्यानेही सगळे सुधारले असे नाही, टेक्सासच्या सुधारगृहांबद्दल तक्रारी पुढेही आल्या. पण लोकपालाचा धडा आपल्या उपयोगाचा आहे. आत काय चालले आहे हे चालवणाऱ्याने सांगून कळत नाही, ते बाहेरच्याने जाऊन पाहावे लागते.

आपल्या कायद्यात ती सोयही आहे. २०१५ च्या कायद्याने राज्य आणि जिल्हा पातळीवर तपासणी समित्या नेमायला सांगितले. त्यांनी दर तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेत जायचे. किमान तिघांनी जायचे, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा. मंडळानेही निरीक्षणगृहाला नियमित भेट द्यायची. राज्यात बालहक्क संरक्षण आयोग आहे, पण त्यालाही अध्यक्षाविना काळ काढावा लागला आहे. एवढ्या नजरा असताना मुलांवर अत्याचार झाल्यावरच सगळ्यांना कळते, याचा अर्थ त्या नजरा तिथे पोचत नाहीत किंवा पाहिलेले फायलीत जाते. मुलाची ओळख उघड करण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती योग्य आहे. पण मुलाचे नाव लपवण्याच्या तरतुदीआड संस्थेचा कारभार लपवला जाऊ नये. मुले किती आणि जागा किती, चार महिन्यांपेक्षा जास्त काळ आत असलेली किती, जामीन होऊनही न सुटलेली किती, मंजूर पदे किती आणि भरलेली किती, डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतो, तक्रारपेटी कोण उघडतो, हे एकाही मुलाचे नाव न घेता सांगता येते.

दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर अल्पवयीनांना कडक शिक्षा हवी ही भावना देशभर उसळली आणि तिच्यातूनच २०१५ चा कायदा आला. सोळा वर्षांवरच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला असेल, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवता येईल की नाही, हे तपासण्याची वाट त्यात ठेवली आहे. अशा गुन्ह्यात बळी पडलेल्यांचा राग मी समजू शकतो. त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. पण देशात नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत अल्पवयीनांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास आहे, आणि त्यांतही चोरी आणि मारामारीच फार. निरीक्षणगृहात बसलेला मुलगा बहुधा मोबाइल, सायकल, भंगाराची तार यांच्या प्रकरणातला असतो. त्याला तिथे सहा महिने काढायला लावले, तर तो तिथल्या मोठ्या पोरांकडून पुढचे शिकून येतो. समाजाच्या सुरक्षिततेचा विचार करणाऱ्यानेच हे आधी पाहिले पाहिजे.

उपनगराच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तपासणी समितीचे तिमाही अहवाल, मुलांची नावे व ओळख पटवणारा तपशील वगळून, आपल्या संकेतस्थळावर टाकायला सुरुवात करावी. महिला व बालविकास खात्याने चिल्ड्रेन्स एड सोसायटीतली रिकामी पदे तारीख ठरवून भरावीत. आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एक प्रश्न विचारावा: आमच्या मतदारसंघातली किती मुले आज निरीक्षणगृहात आहेत, आणि त्यांतली किती कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीपलीकडे? उत्तर ‘ही बाब सोसायटीच्या अखत्यारीतली आहे’ असे आले, तर त्यांनी मंत्र्यांच्या हातात २० डिसेंबर १९८६ चा निकाल ठेवावा.